अँपला स्पीकर प्रोटेक्शन कसं बसवायचं: डीसी डिटेक्टर, रिले आणि आपला पावसाळा

देवळातल्या भजनी मंडळाचा अँप असो, जत्रेच्या नाटकाला लावायचा असो नाहीतर घरी बसून जोडलेला ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टर जोडीचा बोर्ड असो, त्यातला आउटपुट ट्रान्झिस्टर कधी ना कधी जातोच, आणि जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो. तो शॉर्ट झाला की प्लस किंवा मायनस सप्लाय सरळ स्पीकरच्या वायरीवर येतो. ट्रान्झिस्टरची जोडी बदलायला फार पैसे लागत नाहीत हो, पण त्याच्याबरोबर १५ इंची वूफरची कॉइल गेली तर रिकोनिंगचा (कॉइल-कोन नवे बसवण्याचा) खर्च, वर ऐन चवथीत नाहीतर सप्ताहाच्या आदल्या दिवशी स्पीकर मिळणार कुठून. म्हणून असा डीसी ओळखून रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, स्पीकर तोडणारं हे सर्किट कसं लावायचं ते जरा सविस्तर लिहितो, कारण लोक तयार बोर्ड आणतात, वायरी जोडतात, चालू केल्यावर तीन सेकंदांनी टक् असा आवाज आला की प्रोटेक्शन झालं असं धरून चालतात. तो टक् म्हणजे नुसता डिले, खरं काम त्याच्या पुढे आहे.

आधी आकडा बघा म्हणजे हे किती गंभीर आहे ते कळेल. ३०-०-३० चा ट्रान्सफॉर्मर असेल तर रेक्टिफाय होऊन प्लस मायनस ४२ व्होल्ट मिळतात. ८ ओमवर असा अँप ८०-९० वॉट देतो, मध्यम साइजचाच. ८ ओमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर मोजली तर साधारण ६ ओम दाखवते. तिच्यावर ४२ व्होल्ट डीसी आला तर ७ अँपिअर, म्हणजे जवळजवळ २९० वॉट, आणि ते सगळेच्या सगळे उष्णतेत जातात. गाणं वाजताना कोन पुढेमागे हलतो त्यामुळे कॉइलला थोडी हवा लागते, डीसीमध्ये कोन एका बाजूला ताणून तसाच उभा राहतो, कॉइल मॅग्नेटच्या गॅपमधून बाहेर आलेली असते आणि थंड व्हायला काहीच वाव नसतो. काही सेकंदांत वास येतो आणि खेळ संपतो. ट्वीटर मात्र बहुतेक वेळा वाचतो कारण क्रॉसओव्हरमध्ये त्याच्या सिरीजला कपॅसिटर असतो आणि कपॅसिटरमधून डीसी जात नाही, मार बसतो तो वूफरलाच.

फ्यूज आहे ना, मग काय गरज, असं बरेचजण विचारतात. फ्यूज हवाच, पण त्याच्यावर स्पीकर सोपवू नका. ५ अँपिअरचा फ्यूज ७ अँपिअरवर लगेच उडत नाही, चांगला वेळ घेतो, तेवढ्यात कॉइल गेलेली असते. आणि दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, प्लस किंवा मायनसपैकी एकाच रेलचा, म्हणजे सप्लायच्या एकाच बाजूचा, फ्यूज उडाला तर काही अँपमध्ये आउटपुट उरलेल्या रेलकडे खेचला जातो, म्हणजे फ्यूज उडाल्यामुळेच डीसी यायचा. त्यामुळे आउटपुटवर डीसी दिसला रे दिसला की स्पीकर वेगळा करणारं काहीतरी हवंच.

काम सुरू करण्याआधी

तुमचा अँप कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा. ड्युअल सप्लायचा, आउटपुट सरळ स्पीकरला जाणारा असेल तर खालचं सर्किट त्याच्यासाठीच आहे. सिंगल सप्लायचा जुना अँप असेल आणि आउटपुटला मोठा कपॅसिटर असेल तर डीसी तो कपॅसिटरच अडवतो, तुम्हाला फार तर चालू करतानाचा धप्प आवाज घालवायला डिले लागेल. एलएम३८८६ किंवा टीडीए७२९४ सारखे आयसी स्वतःला सांभाळतात, ओव्हरलोड झाला, तापले तर बंद होतात, म्यूट पिनही असते, पण आतलाच आउटपुट शॉर्ट झाला तर स्पीकर तोडून बाजूला करायची सोय त्यांच्यात नाही, तिथेही रिले हवाच.

क्लास डी चे छोटे बोर्ड, सिंगल सप्लायवर चालणारे ब्रिज टाईप, यांच्याबाबतीत सावध. त्यांत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर ग्राउंडच्या तुलनेत अर्धा सप्लाय कायम असतो, एकही टोक ग्राउंड नसतं. खालचं सर्किट तिथे लावलंत तर ते सतत फॉल्टच दाखवणार, आणि एखादं टोक ग्राउंडला लागलं तर बोर्डच जाईल. टीपीए३११६ सारख्या आयसीत डीसी डिटेक्ट आतच दिलेलं आहे, तिथे बाहेरून काही लावायला जाऊ नका.

मग मीटर डीसीवर ठेवून, इनपुट शॉर्ट करून, स्पीकर काढून आउटपुटचा ऑफसेट (काही वाजत नसताना तिथे असलेला डीसी) मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर आधी अँप दुरुस्त करा. प्रोटेक्शन लावलं म्हणून बिघडलेला अँप बरा होत नाही.

डीसी ओळखायचा कसा

गाण्याचा सिग्नल प्लस मायनस दोन्हीकडे सारखा फिरतो, त्याची सरासरी शून्य येते. डीसीची सरासरी शून्य येत नाही. म्हणून आउटपुटमधून एक मोठा रेझिस्टर आणि मोठा कपॅसिटर लावून सरासरी काढायची आणि ती शून्यापासून सरकली की ट्रान्झिस्टरने ओळखायची, एवढीच आयडिया आहे.

प्रत्येक चॅनलला असं करा. अँपच्या आउटपुटपासून (अँपच्या बोर्डावरची आउटपुट कॉइल आणि झोबेल नेटवर्क, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, यांच्या पुढे, रिलेच्या आधी) २२ के (२२ हजार ओम) चा रेझिस्टर घ्या, त्याचं दुसरं टोक म्हणजे आपला सेन्स पॉइंट. सेन्स पॉइंटपासून ग्राउंडला ५० मायक्रोफॅरॅडचा नॉन-पोलर कपॅसिटर. तो नाही मिळाला तर १०० मायक्रोफॅरॅड २५ व्होल्टचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक घ्या, दोघांचे मायनस एकमेकांना जोडा, झाला ५० चा नॉन-पोलर. आता दोन बीसी५४६. पहिल्याचा बेस सेन्स पॉइंटला, एमिटर ग्राउंडला, हा प्लस डीसी पकडतो. दुसऱ्याचा उलट, एमिटर सेन्स पॉइंटला आणि बेस ग्राउंडला, हा मायनस डीसी पकडतो. दोघांचे कलेक्टर एकत्र, त्यांना पुढे डिलेच्या पॉइंटवर न्यायचं आहे.

या व्हॅल्यूज अशाच का, तर २२ के आणि ५० मायक्रोफॅरॅडचा कटऑफ साधारण ०.१५ हर्ट्झ येतो. ३० व्होल्ट पीकचा २० हर्ट्झचा सिग्नल आला तरी सेन्स पॉइंटवर ०.२ व्होल्टच्या आसपास उरतो, आणि ट्रान्झिस्टरला चालू व्हायला ०.६५ लागतात. म्हणजे घुमट (गोव्याचं मातीच्या भांड्याचं तालवाद्य) आरतीला माईक अगदी घुमटाच्या तोंडाशी धरला, किंवा पखवाजाची धुम फुल व्हॉल्यूमवर आली, तरी रिले खोटा खोटा सुटत नाही, म्हणजे उगाच स्पीकर तोडत नाही. आणि खरा ४२ व्होल्ट डीसी आला तर तोच पॉइंट १७ मिलिसेकंदांत ०.६५ ला पोचतो. रिले सुटायचा वेळ धरून सगळं मिळून सेकंदाच्या वीस-पंचविसाव्या भागात आटोपतं, तेवढ्यात कॉइल गरमसुद्धा होत नाही. कपॅसिटर कमी केला तर सर्किट अजून फास्ट होईल पण खर्जाला सुटायला लागेल, आणि नरकासुराच्या मिरवणुकीत सबवूफरवर एकदा असं सुटलं की वैतागून कोणीतरी रिलेलाच जंपर मारून टाकतो, मग प्रोटेक्शन असून नसल्यासारखंच. त्यामुळे व्हॅल्यू कमी करू नका.

एक सांगायचं म्हणजे प्लस बाजू ०.७ व्होल्टच्या आतबाहेर पकडली जाते आणि मायनस बाजू साधारण २ व्होल्टला, कारण दुसऱ्या ट्रान्झिस्टरला सगळा करंट २२ के मधूनच मिळतो. चांगल्या अँपचा ऑफसेट मिलिव्होल्टमध्ये असतो आणि बिघडलेल्याचा दहा-वीस-चाळीस व्होल्टमध्ये, त्यामुळे प्रत्यक्षात काही फरक पडत नाही.

काही सर्किटांत दोन्ही चॅनल दोन रेझिस्टरमधून एकाच कपॅसिटरवर आणतात, पार्ट वाचतात. मला ते पसंत नाही. एका चॅनलला प्लस आणि दुसऱ्याला मायनस आला तर दोघांची बेरीज शून्य होते आणि सर्किट गप्प बसतं. असं क्वचित होतं हे खरं, पण दोन ट्रान्झिस्टर आणि दोन कपॅसिटरच्या पैशांसाठी एवढी जोखीम कशाला. प्रत्येक चॅनलचा डिटेक्टर वेगळा ठेवा.

डिले आणि रिले ड्रायव्हर

कंट्रोलसाठी २४ व्होल्ट लागतात. प्लस ४२ मधून ३.३ के अर्धा वॉटचा रेझिस्टर, पुढे २४ व्होल्ट १ वॉटचा झेनर (ठराविक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) आणि १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ग्राउंडला. इथे ७८२४ लावायचा मोह होतो, पण त्याची इनपुट मर्यादा ४० व्होल्ट आहे, ४२ वर तो टिकणार नाही.

२४ व्होल्टपासून २२० के चा रेझिस्टर डिले पॉइंटला, डिले पॉइंटपासून २२ मायक्रोफॅरॅड ३५ व्होल्टचा कपॅसिटर ग्राउंडला. डिटेक्टरचे सगळे कलेक्टर याच पॉइंटवर येतात. डिले पॉइंटपासून १० व्होल्टचा झेनर, त्याची कॅथोड डिले पॉइंटकडे आणि अ‍ॅनोड पुढच्या बीसी५४६ च्या बेसला. त्या बीसी५४६ चा कलेक्टर १० के मधून २४ व्होल्टला, एमिटर बीडी१३९ च्या बेसला, बीडी१३९ चा एमिटर ग्राउंडला, आणि त्याच्या बेस-एमिटरमध्ये ४.७ के. बीडी१३९ चा कलेक्टर रिलेच्या कॉइलला जातो.

चालू केल्यावर २२ मायक्रोफॅरॅड हळूहळू चार्ज होतो, ११ व्होल्टच्या जरा वर गेला की रिले ओढला जातो आणि स्पीकर जोडला जातो, याला साधारण ३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात अँपच्या आतले कपॅसिटर स्थिर होतात आणि धप्प स्पीकरपर्यंत येत नाही. झेनर लावण्याचा मोठा फायदा म्हणजे पॉइंट त्या व्होल्टेजच्या फार वर जातच नाही, काठावरच थांबतो, त्यामुळे डिटेक्टरने थोडंसं खाली ओढलं की रिले लगेच सुटतो, सगळा कपॅसिटर रिकामा होईपर्यंत वाट बघावी लागत नाही.

रिले २४ व्होल्ट कॉइलचा, साधारण ६५० ओमचा घ्या. त्याच्या कॉइलचं दुसरं टोक प्लस ४२ ला, मध्ये सिरीजला ४७० ओम २ वॉट. पण आपल्याकडे आतल्या गावांत संध्याकाळी मेन्सचं व्होल्टेज बरंच खाली येतं. १८० च्या खाली गेलं की ४७० वर रिले ओढला जाणं कठीण, तिथे ३९० लावा, २३० वर असतानाही कॉइलला फारसं जास्त होत नाही.

कॉइलवर डायोड सगळेच लावतात, १एन४००७. नुसता डायोड लावला तर कॉइलमधला करंट त्याच्यातून फिरत राहतो आणि रिले सुटायला उशीर होतो, आपल्याला तर मिलिसेकंद वाचवायचे आहेत. म्हणून डायोडच्या सिरीजला, उलट दिशेने, २४ व्होल्ट १ वॉटचा झेनर लावा. करंट लवकर मरतो, रिले चटकन सुटतो. बीडी१३९ ८० व्होल्टचा आहे, त्याच्यावर जास्तीत जास्त ६७ येतात, चालतं.

लाईट गेली की काय होतं

हा भाग बऱ्याच स्वस्त सर्किटांत नसतोच आणि गोव्यात तर तो पहिला हवा. पावसात लाईट जाते, दोन सेकंदांत येते, परत जाते. अँपच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज असल्यामुळे रिले लगेच सुटत नाही, अँप मरता मरता स्पीकरवर विचित्र आवाज काढतो, आणि लाईट परत येते तेव्हा डिले कपॅसिटर भरलेलाच असल्यामुळे तीन सेकंद थांबतच नाही, सगळा धक्का स्पीकरला.

उपाय असा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या एका एसी टोकावर १एन४००७ लावा, कॅथोड एसीकडे. डायोडच्या दुसऱ्या टोकाला १ मायक्रोफॅरॅड १०० व्होल्टचा कपॅसिटर ग्राउंडला, इलेक्ट्रोलिटिक असेल तर प्लस ग्राउंडकडे, कारण इथे मायनस ४२ तयार होतात. तिथून १०० के एका नव्या बीसी५४६ च्या बेसला, आणि त्याच बेसला २४ व्होल्टकडून १५० के. बेसपासून ग्राउंडला १एन४१४८, कॅथोड बेसकडे, म्हणजे बेस जास्त मायनसमध्ये जाऊन खराब होत नाही. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर डिले पॉइंटला.

लाईट असताना मायनस बाजू जिंकते आणि हा ट्रान्झिस्टर बंद असतो. लाईट गेली की १ मायक्रोफॅरॅड साधारण एक दशांश सेकंदात पुरेसा उतरतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, रिले सोडतो आणि डिलेचा २२ मायक्रोफॅरॅड पूर्ण रिकामाही करतो, त्यामुळे लाईट लगेच परत आली तरी पुन्हा पूर्ण तीन सेकंद मोजले जातात. व्होल्टेज १६० झालं म्हणून मात्र हा सुटत नाही, तेवढी ढील या व्हॅल्यूजमध्ये आहे.

रिलेच्या वायरी, सगळ्यात महत्त्वाचं

इथपर्यंत सगळं बरोबर केलं आणि इथे चुकलं तर ऐनवेळी स्पीकर जाणारच, म्हणून नीट वाचा. बाजारातल्या बहुतेक रिलेवर १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी असं लिहिलेलं असतं. आपला फॉल्ट ४२ व्होल्टचा आहे, ७ अँपिअरचा. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो म्हणून कॉन्टॅक्ट उघडताना झालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, कॉन्टॅक्ट उघडले तरी मधल्या फटीत आर्क जळत राहू शकतो, वेल्डिंगच्या ठिणगीसारखा, आणि रिले सुटलेला असूनही करंट स्पीकरमध्ये चालूच. रेल जितकी जास्त तितकं हे जास्त.

म्हणून वायरिंग असं करा: स्पीकरचा प्लस रिलेच्या कॉमनला, अँपचा आउटपुट नॉर्मली ओपनला, आणि नॉर्मली क्लोज्ड ग्राउंडला. रिले सुटला की कॉमन जाऊन ग्राउंडला बसतो, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं ग्राउंड. मध्ये आर्क लागलाच तर तो अँपच्या आउटपुटकडून सरळ ग्राउंडला जातो, स्पीकरमधून नाही, आणि रेल फ्यूज उडून सगळं थांबतं. अँपच्या बाजूने बघितलं तर एरवी तो शॉर्ट होत नाही, कारण रिले सुटलेला असताना नॉर्मली ओपन टोक मोकळं असतं. रेडीमेड बोर्ड घेतलात, यूपीसी१२३७ आयसीचे खूप मिळतात, तर पहिल्यांदा बोर्ड उलटा करून बघा नॉर्मली क्लोज्ड पिन कुठे जाते. ती मोकळी सोडलेली दिसली, आणि अँप कॉमनला दिलेला असला, तर ट्रॅक कापून वायर बदला. आयसी चांगलाच आहे, त्यात डीसी, डिले, एसी गेल्याची ओळख सगळं आहे, फक्त एसी सेन्सची पिन खरंच ट्रान्सफॉर्मरला जोडलेली आहे ना तेवढं बघा.

नॉर्मली क्लोज्डची ग्राउंड वायर जाडी घ्या आणि सप्लायच्या कपॅसिटरांच्या मधल्या स्टार ग्राउंडला (सगळ्या ग्राउंड वायरी एकत्र येतात त्या पॉइंटला) न्या, फॉल्टच्या वेळी तिच्यातून खूप करंट जातो. इनपुटच्या ग्राउंडला चुकूनही नको. डिटेक्टरचा ग्राउंडही स्टारलाच, पण वेगळ्या वायरने. फीडबॅक रिलेच्या आधीच राहू दे, तिथे हात लावू नका.

रेल ६० च्या वर असेल, मोठे स्टेजचे अँप, तर माझं स्पष्ट मत आहे की मेकॅनिकल रिलेवर विसंबू नये. दोन एन-चॅनल मॉस्फेट, सोर्सला सोर्स जोडून, ड्रेन एक अँपकडे एक स्पीकरकडे, दोन्ही गेट एकत्र, आणि गेट चालवायला व्हीओएम१२७१ सारखा फोटोव्होल्टेक ऑप्टो. ऑप्टोची एलईडी रिले कॉइलच्या जागी बसते, १० मिलिअँपिअर मिळतील असा रेझिस्टर लावा, ४२ व्होल्टला ३.९ के १ वॉट, रेल जास्त असेल तर त्या हिशोबाने, आणि २४ व्होल्टच्या सप्लायचा ३.३ के वालाही तसाच बदला. रेल ८० च्या जवळ जात असेल तर बीडी१३९ च्या जागीही जास्त व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर लागेल. मॉस्फेट १५० व्होल्टचे घ्या, आयआरएफबी४११५ चांगला, दोन मिळून २० मिलिओमच्या आसपास, आवाजात काही फरक जाणवत नाही. आर्क नाही, कॉन्टॅक्ट काळे पडत नाहीत. खर्च थोडा जास्त, पण ज्याच्या मागे चार चार १८ इंची बॉक्स लागतात त्याला तो काहीच नाही.

ओल, खारा वारा आणि फ्लक्स

आपल्याकडचा पावसाळा या सर्किटला खरोखर त्रास देतो आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. डिले पॉइंटला करंट येतो तो २२० के मधून, म्हणजे अगदी थोडा. सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट फ्लक्स तसाच ठेवला, त्यात जुलैतली ओल शिरली, तर त्या पॉइंटपासून ग्राउंडला बोर्डावरूनच गळती सुरू होते. ही गळती दोन लाख ओमच्या खाली आली की पॉइंट ११ व्होल्टपर्यंत पोचतच नाही आणि रिले ओढला जात नाही. उन्हाळ्यात झकास चालणारा अँप पावसात मुका होतो, लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात आणि दोष असतो फ्लक्सचा. म्हणून बोर्ड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशने नीट धुवा, सुकवा, टेस्ट करा, मग वरून क्लिअर कोटिंगचा स्प्रे मारा. रिलेवर आणि टर्मिनलवर टेप लावून मग स्प्रे.

रिले सील्डच घ्या, पारदर्शक उघड्या टोपीवाला नको. वास्को, कळंगूट, काणकोण, किनाऱ्याच्या जवळ जिथे असाल तिथे खाऱ्या हवेत उघडे कॉन्टॅक्ट लवकर काळे पडतात, मग कमी व्हॉल्यूमला आवाज फाटतो किंवा एक चॅनल येतो-जातो, आणि व्हॉल्यूम वाढवला की बरा होतो. असं लक्षण दिसलं तर कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासत बसू नका, वरचा थर निघून जातो आणि महिनाभरात परत तेच. रिले बदला.

टेस्ट

पहिली टेस्ट अँपशिवाय, बोर्ड एकटा, ट्रान्सफॉर्मर आणि सप्लाय जोडून, मेन्सच्या सिरीजला १०० वॉटचा साधा बल्ब लावून. बल्ब क्षणभर लागून मंद झाला पाहिजे. तसाच जळत राहिला तर बंद करा आणि शॉर्ट शोधा. तीन सेकंदांनी रिले ओढला गेला की ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, मायनस ग्राउंडला धरा, प्लस एका चॅनलच्या २२ के ला लावा. रिले लगेच सुटला पाहिजे. बॅटरी काढली की काही सेकंदांनी परत ओढला जाईल. आता बॅटरी उलटी करा, तीच टेस्ट. मग दुसरा चॅनल, दोन्ही बाजूंनी. ही टेस्ट करताना २२ के अँपला जोडलेला नको, नाहीतर बॅटरी अँपच्या आउटपुटवर लागेल.

नंतर चालू असताना मेन्स बंद करा, रिले तत्काळ सुटला पाहिजे. मग स्पीकर टर्मिनल आणि ग्राउंडमध्ये मीटरने कंटिन्युइटी बघा, रिले सुटलेला असताना शून्य ओम यायला हवा. आला नाही तर नॉर्मली क्लोज्डची वायर चुकली आहे.

सगळं बरोबर आलं की अँप जोडा, स्पीकर नाही, ८ ओम ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लोड म्हणून. कमी व्हॉल्यूमवर थोडा वेळ वाजवा, मग मोबाईलवरून २०-३० हर्ट्झचा टोन देऊन व्हॉल्यूम वाढवा, रिले सुटता कामा नये. फुल व्हॉल्यूमला जास्त वेळ ठेवू नका, रेझिस्टर भाजून काढतो. त्यानंतरच स्पीकर.

हीटसिंक तापण्याची सोय हवी असेल तर ८० डिग्रीचा केएसडी३०१ थर्मोस्टॅट, नॉर्मली क्लोज्ड, हीटसिंकला घट्ट बसवा आणि रिले कॉइलच्या सिरीजला जोडा, वेगळं काही लागत नाही. मंडपात पत्र्याखाली दुपारी अँप चालवणाऱ्यांनी हे लावाच.

आणि एक, हे सर्किट क्लिपिंगपासून वाचवत नाही. छोटा अँप फुल ताणून वाजवला की वेव्ह वरून कापली जाते, हाय फ्रिक्वेन्सीची ताकद वाढते आणि ट्वीटर किंवा हॉर्नचा डायफ्राम जातो. तो डीसी नाही, त्यामुळे डिटेक्टरला दिसतच नाही. त्यासाठी लिमिटर लावा किंवा अँप मोठा घ्या.

मंडळाचा अँप असेल तर बॅटरीची टेस्ट दरवर्षी चवथीच्या आधी एकदा करून घ्या. त्यासाठी २२ के चं अँपकडचं टोक कायमचं सोल्डर न करता छोट्या कनेक्टरवर ठेवा, म्हणजे दरवेळी लोखंड तापवावं लागत नाही. फक्त टेस्ट झाल्यावर कनेक्टर परत बसवायला विसरू नका, तो सुटा राहिला तर तीन सेकंदांचा टक् येईल पण डीसी पकडायला कोणी नसेल, म्हणून कव्हरच्या आतल्या बाजूला तसं लिहूनच ठेवा. टेस्टमध्ये रिले आधीसारखा वागत नाही असं वाटलं तर प्रथम सेन्स पॉइंटचे कपॅसिटर आणि मग डिलेचा २२ मायक्रोफॅरॅड बदला. एकदा जरी खरा फॉल्ट होऊन आर्क झाला असेल तर रिले बाहेरून कितीही चांगला दिसला तरी नवा घाला.